मामाला पिक्चर आवडेपर्यंत

हॅलो. हॅलो. ऐकू येतंय का?

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. ‘ऐकू येतंय का’ असं आजवर हजारो लोकांनी माझ्या तोंडावर विचारलं, पण मला उद्देशून कोणीच नाही. आज मी तो प्रश्न पहिल्यांदा स्वतःसाठी विचारतो आहे. बोलायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्या छातीत नखाएवढा पडदा बसवला, वर जाळी दाबली आणि माझ्या आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला. तो शब्द होता, ‘पुढचा’.

पुढे मी एका बसस्थानकात नोकरीला लागलो. ‘गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागेल’ हे वाक्य मी इतकी वर्षं लोकांपर्यंत पोचवलं की काही प्रवाशांची मुलं तिथेच मोठी झाली असावीत. ते वाक्य खोटं होतं, पण ते खोटं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कोणाचं नुकसान झालं नाही. मग तिथे गोड आवाजाचं एक यंत्र आलं. तेही खोटंच बोलायचं, पण न खोकता. मला भंगारात टाकण्यात आलं.

तिथून मला भाचीने विकत घेतलं. ती कोणाची भाची, तर एका शिंप्याची. त्याला सगळा रस्ता मामा म्हणायचा, पण सख्खी भाची ही एकटीच. मामाचं दुकान सिनेमागृहाच्या अगदी समोर होतं. भाचीकडे एक फोन होता आणि फोनमध्ये एक चॅनल होतं. पिक्चर सुटला की तिने दारात उभं राहायचं, बाहेर येणाऱ्या माणसासमोर मला धरायचं आणि विचारायचं, “कसा वाटला पिक्चर?” एवढाच धंदा.

माझे ते सोन्याचे दिवस होते. भाचीने मला लाल स्पंजची टोपी घातली. रोज मला मऊ कापडाने पुसायची. काम नसेल तेव्हा मी मामाच्या दुकानात, टेपच्या शेजारच्या खिळ्याला लटकलेला असायचो. लोक माझ्यात तोंड घालून ‘कडक’, ‘जबरदस्त’, ‘पैसा वसूल’ असं ओरडायचे. एकजण तर नुसताच ‘आऽऽऽ’ करून निघून गेला. भाचीने त्या व्हिडिओला ‘सखोल विश्लेषण’ असं नाव दिलं. तो खूप चालला.

आता मामाविषयी. मामाला एकच खोड होती. विचारलं की तो खरं सांगायचा.

“मामा, या कोटात मी कसा दिसतो?” गिऱ्हाईक आरशासमोर फिरून विचारायचं.

“कोट चांगला दिसतो.”

“आणि मी?”

“कोट चांगला दिसतो.”

लोक चिडायचे, पण पुन्हा त्याच्याकडेच यायचे. कारण मामा ज्याला ‘बसलाय’ म्हणायचा, तो कपडा खरोखरच बसलेला असायचा. त्याचा शब्द हेच त्याच्या दुकानाचं भांडवल होतं. शिलाई मशीन तर जुनंच होतं.

अशात ‘तडितवीर’चा चौथा भाग आला. तडितवीर हा आकाशातून उडणारा, बोटांतून वीज सोडणारा आणि पिवळी झूल पांघरणारा वीर. त्याच्या चाहत्यांनी पहिल्या खेळाला तसल्याच पिवळ्या झुली घालून यायचं ठरवलं. त्यांतल्या बऱ्याचशा मामानेच शिवल्या होत्या.

या भागात शेवटी तडितवीर ढगांतून कोसळतो आणि मरतो. हे कोणालाच माहीत नव्हतं. पहिला खेळ सुटला तेव्हा दारातून शेकडो पिवळ्या झुली रडत बाहेर पडल्या. भाची मला एकेकासमोर धरत होती आणि मी नुसता ओला होत होतो. शब्द म्हणून कोणाच्या तोंडून निघेना. व्हिडिओला तर शब्द लागतात. तेवढ्यात भाचीला मामा दिसला. एक तिकीट उरलं होतं म्हणून तिनेच त्याला आत पाठवलं होतं.

“मामा, कसा वाटला पिक्चर?”

“ठीक होता.”

“ठीक?”

“मधे जरा डोळा लागला गं. जाग आली तेव्हा एक बाई रडत होती आणि आकाशातून काहीतरी पडत होतं.”

मित्रांनो, ते ‘काहीतरी’ म्हणजे तडितवीर.

भाचीने आजूबाजूला पाहिलं. “मामा, टाकू का हे?”

“टाक की. मी काय चोरी केलीय?”

तिने टाकलं. अंधार पडायच्या आत मामा जगाला माहीत झाला. कोणी लिहिलं, या माणसाच्या डोळ्यांना डोळे म्हणू नये. कोणी लिहिलं, मी याच्याकडून पुन्हा कधीही कपडे शिवून घेणार नाही. हा लिहिणारा समुद्रापलीकडे राहत होता आणि तो आयुष्यभर तयार कपडेच घालत आला होता, पण त्याचा निर्धार पक्का होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात चाहता मंडळाचे अध्यक्ष आले. हा गृहस्थ एरवी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचा. बोलणं इतकं मऊ की मला कान टवकारावे लागायचे.

“काका, आम्ही भांडायला नाही आलो,” अध्यक्ष म्हणाले. “तुम्हाला पिक्चर नीट बघायला मिळाला नाही, याचं आम्हाला फार वाईट वाटतंय. हे घ्या तिकीट. आमच्यातर्फे.”

“अरे, कशाला उगाच?” मामा म्हणाला. पण माणूस इतक्या प्रेमाने आलाय म्हटल्यावर त्याला नाही म्हणवेना. त्याने सुई कपड्यात खोचली आणि गेला. अध्यक्षांनी मदत म्हणून दुकानाचं शटर स्वतः खाली ओढलं.

खेळ संपल्यावर दारात गर्दी जमली होती. भाचीने मला पुढे केलं. मामाने नीट विचार केला आणि सांगितलं, “या वेळी झोप नाही लागली. त्यामुळे जरा लांब वाटला.”

गर्दीतून एक उसासा निघाला. अध्यक्ष मात्र हसले. “उद्या बघू, काका.”

उद्या पाहिलं. परवाही पाहिलं. मामाच्या दोन्ही बाजूंना दोन झुली बसायच्या आणि मागच्या रांगेत तिसरी, जिचं काम मामाची पापणी मिटली की खांद्यावर टकटक करणं. तिसऱ्या खेपेला मामा म्हणाला, “ती बाई रडते चांगलं.” सगळे आशेने पुढे सरकले. “आणि पिक्चर?” “तो तसाच आहे.” मग कोणीतरी म्हणालं, यांनी आधीचे तीन भाग पाहिलेले नाहीत, चूक आपली आहे. तिघांनी दुकानात बसून मामाला फोनवर ते तिन्ही भाग दाखवले. मामाने मन लावून पाहिले, मधे दोनदा शंकाही विचारल्या. मग पुन्हा चौथा भाग, पुन्हा दारात मी.

“आता समजला,” मामा म्हणाला.

कोणी श्वास घेईना.

“समजला. पण आवडला नाही.”

हळूहळू असं झालं की लोक पिक्चर बघायला नाही, मामाला बघायला तिकीट काढू लागले. त्याच्या शेजारच्या खुर्चीसाठी भांडणं व्हायची. तडितवीर कोसळायला लागला की अख्खं थिएटर पडद्याकडे पाठ करून मामाच्या तोंडाकडे बघायचं. मेलेल्या तडितवीराकडे बघणारा तिथे मामा एकटाच उरला होता.

इकडे दुकानाचं शटर रोज दुपारी खाली. दवाखान्याच्या गणवेशांचं मोठं काम आलं होतं. तिथल्या मोठ्या नर्सबाई दोनदा येऊन बंद दार बघून गेल्या, तिसऱ्यांदा आल्या आणि कापड परत घेऊन गेल्या. त्या दिवशी मामी डबा घेऊन आली आणि रिकाम्या फळीकडे बघत बसली.

“अहो, म्हणून टाका ना आवडला. जीभ झिजते का तुमची?”

“अगं, पण नाही ना आवडला.”

“माझी भाजी रोज छान झालीये म्हणता, तेव्हा बरं जमतं.”

“ती छान असते.”

“रोज?”

मामाने घास थांबवला. “मागच्या आठवड्यात एकदा करपली होती. तेव्हा बोललो होतो की नाही?”

“बोलला होतात,” मामी म्हणाली, आणि तिला हसू आलं. “दोन दिवस बोलत होतात.”

मामाने भाचीलाही सांगून पाहिलं. “अगं, थांबव ना हे.”

“मामा, मी थांबवलं तर दुसरं कोणीतरी माइक धरेल,” ती म्हणाली. “मी निदान तुझी आहे.”

ती खोटं बोलत नव्हती. पण तिच्या चॅनलला कधी नव्हे ते लाखो लोक येऊ लागले होते, हेही खरं होतं. तिने एक गोल, पांढरा दिवा घेतला होता. मला पुसणं मात्र विसरू लागली होती. आणि अलीकडे ती ‘कसा वाटला’ असं विचारत नव्हती. ती विचारायची, “आवडला का?”

मग एका दुपारी अध्यक्ष काही झुलींसह दोन तिकिटं घेऊन आले. भाची दुकानातच होती.

“काका, मी रात्रभर विचार केला. एकट्याने बघण्यात मजा नाही. उद्यापासून काकूंनाही नेऊ. त्यांना तुमच्या शेजारी बसवू.”

मित्रांनो, मामीला मोठा आवाज सोसत नसे. भोवळ यायची. घरात मिक्सर लावायचा तर तो मामाने लावायचा आणि तिने बाहेर जाऊन उभं राहायचं, असा त्यांचा रिवाज होता. अध्यक्षांना हे माहीत होतं का, ते मला सांगता येणार नाही. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

मामाने दोन्ही तिकिटांकडे पाहिलं. “तिला नको,” तो म्हणाला. “आवडला. मला पिक्चर आवडला.”

भाचीने घाईघाईने मला खिळ्यावरून काढलं, दिवा लावला. मामाने पुन्हा सांगितलं, “आवडला.”

अध्यक्षांनी मान हलवली. “मनापासून नाही वाटलं, काका.”

पुन्हा घेतलं. पुन्हा नाही वाटलं. एकाने सुचवलं, तडितवीर पडतो ती जागा आठवा. दुसऱ्याने सुचवलं, हात छातीवर ठेवा. आणि भाची म्हणाली, “मामा, जरा वर बघ. दिव्याकडे. डोळ्यांत पाणी येतं.”

मामाने आधी तिच्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं.

मी त्याच्या ओठांपासून चार बोटांवर होतो. तो म्हणाला, “मी चुकलो. ते काहीतरी नव्हतं. तो तडितवीर होता. असा पिक्चर मी जन्मात पाहिला नाही.” आणि तो रडला. खोटं नाही, खरं रडला. पडद्यावरच्या बाईपेक्षा चांगलं. फक्त ते रडणं पिक्चरचं नव्हतं, पण असले बारकावे फोनमध्ये येत नाहीत. झुलींनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी मामाला मिठी मारली, आणि त्यांचेही डोळे भरून आले. ते खरंच सुखावले होते. मला वाटतं, यातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट हीच.

पिक्चरवाल्यांनी मामाच्या रडक्या चेहऱ्याची पोस्टरं काढली. ‘यांनाही रडवलं!’ त्यातलं एक मामाच्याच भिंतीवर लागलं. थोड्या दिवसांनी दुसरा वीर आला, दुसरा पिक्चर आला, झुलींचा रंग बदलला आणि सगळे मामाला विसरले. त्याला आता कोणी काही म्हणत नव्हतं. तो मोकळा होता.

पण तो सगळ्यालाच छान म्हणू लागला. एका गिऱ्हाइकाची एक बाही चार बोटं लांब झाली होती. “कसा झालाय, मामा?” “छान.” “अहो, ही बाही बघा!” “फारच छान.” लोक गोंधळले, मग हसले, मग दुसऱ्या शिंप्याकडे जाऊ लागले. मामीने एकदा भाजीत मीठच घातलं नाही.

“कशी झालीये?”

“छान झालीये.”

“नीट खाऊन सांगा.”

मामाने अजून दोन घास खाल्ले, नजर वर नेली आणि म्हणाला, “अशी भाजी मी जन्मात खाल्ली नाही.” मामीने डबा झाकला आणि तशीच उठून गेली.

बहुधा तिनेच भाचीला सांगितलं असेल. एके दुपारी भाची दुकानात आली. फोन बाहेर काढला नाही. दिवा आणलाच नव्हता. तिने मला खिळ्यावरून काढलं, माझी वायर सोडवून बाजूला ठेवली आणि स्टुलावर बसली.

“मामा, हे बघ. काही चालू नाहीये. कोणी ऐकत नाहीये. मी चुकले. आता फक्त मला खरं सांग. कसा होता पिक्चर?”

मामाने कात्री खाली ठेवली. शर्टाची कॉलर नीट केली. तोंडावरून हात फिरवला आणि अगदी प्रेमाने, गिऱ्हाइकाला विचारावं तसं, तिला विचारलं, “तुला कसा हवाय? सांग, तसं बोलतो.”

भाची स्टुलावरून उठली. जाताना तिने मला नेलं नाही. तेव्हापासून मी इथे खणात आहे, बटणांच्या डब्याशेजारी. टोपीचा स्पंज झडतो आहे. वायर कुठे गेली कोण जाणे.

मित्रांनो, मला धुळीत ठेवलंत, पाडलंत, माझी जाळी चेपलीत, तरी माझं काही म्हणणं नाही. मी वस्तू आहे, दुरुस्त होतो. एवढंच मागतो, की मला कोणाच्या तोंडासमोर धराल तेव्हा जे पहिलं उत्तर येईल ते घ्या, ते कितीही बेचव असो, आणि घरी जा. दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारावासा वाटला तर मला बंद करा. अवघड नाही. माझं बटण तुमच्या अंगठ्याखालीच असतं.