उलट्या पेडांची वेणी

धाकटीला बागांचं मुळीच कौतुक नव्हतं. झाडं बघून बघून माणसानं किती बघायची, असं तिचं म्हणणं. पण वृद्धाश्रमाची ही बाग तिला टाळता येत नसे, कारण आई दिवसभर तिथंच, वेलीच्या मांडवाखालच्या बाकावर बसलेली असे.

आणि यायला सवड तरी कुठे होती! पार्लरमध्ये मान वर करायला फुरसत नाही. गावभरच्या बायकांचे केस आपण विंचरायचे आणि आईचे कुणी विंचरतंय की नाही ते ठाऊक नाही, ही टोचणी तिला होतीच. म्हणून आज पार्लर बंद ठेवून, पर्समध्ये फणी टाकून ती आली होती. आज आईची वेणी आपण घालायची, एवढंच मनात होतं.

फाटकाशी माळी पाइपाचा गुंता सोडवत बसला होता.

"काय ताई, काही विसरलात का?"

"मी? का हो?"

"नाही, आत्ताच तर गेलात ना."

"अहो दादा, महिन्यानं येतेय मी."

माळ्यानं तिला नीट न्याहाळलं आणि पुन्हा पाइपात डोकं घातलं. म्हाताऱ्याला चष्म्याची गरज आहे, दुसरं काय, असं म्हणत धाकटी पुढे झाली.

वाऱ्याचा पत्ता नव्हता. तरी मांडवाची पानं एकाच जागी हलत होती, नेमकी आईच्या डोक्यावर. एरवी धाकटीनं पाहिलंही नसतं. बाकामागचं गवत, कुणी रोज उभं राहावं तसं, दबून पिवळं पडलं होतं.

आईची वेणी घातलेली होती. धाकटीचा जीव भांड्यात पडला. चला, कुणीतरी बघतंय म्हणायचं. मग तिचं लक्ष पेडांकडे गेलं. धाकटी डावखुरी. तिच्या वेणीचे पेड उलटे पडत, शाळेत मुली त्यावरून चिडवत. गिऱ्हाइकांसाठी ती सुलटी घालायला शिकली, आईची मात्र तशीच घाली. ही वेणी उलटी होती. टोकाची गाठसुद्धा तिचीच. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"आई, वेणी कुणी घातली गं?"

"लेकीनं. रोज येते माझी. तुम्हाला वाटेत दिसली नाही?"

'तुम्हाला'! म्हणजे आईनं तिला ओळखलंच नव्हतं. भीती कुठच्या कुठे गेली आणि राग आला. आई माझी, आणि ही मेली कोण आयत्या बिळावर? ती तरातरा बाकामागे जाऊन उभी राहिली. दबलेल्या गवतात तिची पावलं बरोब्बर बसली. तिकडे न बघता तिनं वेणी सोडली आणि केसांत फणी घातली.

आईनं मान चुकवली. "राहू द्या हो बाई. तुमचे हात फार गार आहेत. तिचे कसे उबदार असतात."

"आई, अगं मीच ती!" धाकटी रडकुंडीला आली.

आईचं लक्षच नव्हतं. मान वळवून, धाकटीच्या खांद्यापलीकडे बघत ती तोंडभर हसली.

"आलीस? ये."

धाकटीच्या बोटांतून केस एकेक बट करून निघाले, कुणी घाई न करता काढून घ्यावेत तसे. मागे वळून पाहायचा तिला धीर झाला नाही. ती बाजूला सरकली आणि तिनं त्या दुसरीला जागा करून दिली.