माशांच्या देवी

केडगावच्या त्या आळीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून कळायचं. एक दिवस मनकर्णाआत्याच्या घरातून फोडणीचा वास यायचा बंद झाला आणि शेजारची गोजरबाई लगोलग चौकशीला आली, घरात कुणाला देवी आल्या का म्हणून. आत्याने गंभीर चेहऱ्याने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे काचेच्या पेटीत तीन मासे होते आणि तिघांच्याही अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठले होते.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण आत्या हसत नव्हती. तिने पेटीवर कडुलिंबाचे डहाळे ठेवले होते, उंबऱ्याबाहेर तांब्याभर पाण्याची धार सोडली होती आणि घरात तळण-फोडणी बंद करून टाकली होती. अंगावर देवी आल्या की माणसासाठी जे करायचं तेच माशासाठी, यात तिला काही वेगळं वाटत नव्हतं.

मासे तिच्या भाचीचे, पुष्पावतीचे. पुष्पावती नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. आईबाप लहानपणीच गेलेले, विधवा आत्यानेच तिला वाढवलं. मुलांची सहल घेऊन ती रत्नागिरीला गेली होती तेव्हा खडकांतल्या डबक्यांतून हे काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे मासे आणि शंखात राहणारा एक खेकडा तिने आणला. समुद्रातला जीव नगरला जगत नाही असं कॉलेजात सगळ्यांनी बजावलं होतं. बजावलं म्हणूनच आणला, असं म्हटलं तरी चालेल. कांद्याचा ट्रक घेऊन मुंबईला जाणारे अजीजभाई येताना तिच्यासाठी डबे भरून समुद्राचं पाणी आणायचे.

त्यात ते बहात्तर साल. विहिरी तळाला गेलेल्या, टँकरपुढे भांडणं. प्यायला थेंब न्हाई आन ही बया समुंदर पाळतीय, असं गोजरबाई नळावर बोलली. पुष्पावतीने त्याच संध्याकाळी पेटीतलं फुलपात्रभर पाणी तिच्यापुढे नेऊन धरलं आणि प्या म्हणाली. गोजरबाईने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि त्यानंतर तो विषय तिच्या तोंडावर कधी काढला नाही.

अशा पुष्पावतीला आता आत्या सांगत होती की औषधाला हात लावू नकोस, देवीचा कोप होईल.

पुष्पावतीला ठिपके कशाचे ते ठाऊक होतं. खाऱ्या पाण्यातला एक बारीक जंतू माशाच्या कातडीत घुसून बसतो. त्याला मारायला मोरचूद, तेच निळे खडे, जे बागायतदार चुन्यात कालवून द्राक्षांवर मारतात. पाण्यात त्याचा अंश अगदी बेताने उतरवायचा. कमी पडला तर जंतू जगतो, जास्त झाला तर मासाच जातो. खेकड्याला तर मोरचुदातलं तांबं मुळीच सोसत नाही, म्हणून त्याला पेटीतच ठेवून मासे तेवढे टबात काढायचे. ती कॉलेजातून शुद्ध मोरचूद घेऊन आली, तर घरी आत्याने पेटीत दहीभाताचा नैवेद्य सोडलेला. भाताची शितं तळाशी बसली होती आणि पाणी ताकासारखं गढूळ झालं होतं.

पुष्पावतीचं डोकं फिरलं. ती एरवीही आत्याला उलट बोलायची, पण त्या दिवशी जे बोलली ते तिने आजवर गिळलं होतं.

"सहादेवलाही असंच पाला घालून बघत बसलीस तू."

सहादेव हा पुष्पावतीचा धाकटा भाऊ. लहानपणी सोनई गावी असताना दोघांना एकदमच देवी आल्या. सहादेव गेला, पुष्पावती वाचली, चेहरा वणांनी भरला तेवढा. देवीआईने एक नेला, एक मला ठेवला, असं आत्या सांगायची, आणि त्या एका वाक्यावर तिने उरलेलं आयुष्य काढलं होतं. ते वाक्य पुष्पावतीला आरशातल्या वणांपेक्षा जास्त टोचायचं. कारण आजारपणाच्या आधी देवी काढणारा गावात आला होता, घरोघर मुलांचे दंड टोचत होता, आणि आत्याने या दोघांना कडब्याच्या गंजीत लपवलं होतं. कडब्याचा तो वास पुष्पावती विसरली नव्हती. पण हे तिने कधी उच्चारलं नव्हतं, आणि रागाच्या भरातही ते तिच्या ओठांशी येऊन थांबलं.

टबात भरायला समुद्राचं स्वच्छ पाणी उरलं नव्हतं, म्हणून अजीजभाईंच्या ट्रकने नवं पाणी येईपर्यंत ती नुसती शितं गाळत राहिली. पाणी आलं आणि त्याच सकाळी तिन्ही मासे लख्ख दिसले. एकही ठिपका नाही.

"उतरल्या गं बाई," आत्या म्हणाली. "देवी उतरल्या."

गोजरबाई नारळ घेऊन आली. आळीतल्या बाया मासे बघायला लोटल्या. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईची कशी जिरली, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसतच होतं. आणि भरल्या घरात पुष्पावतीने टबात नवं पाणी ओतलं, मोरचुदाची बाटली काढली आणि त्या धडधाकट माशांसाठी विष मोजायला बसली.

जंतू गेलेला नाही, ती म्हणाली. तो पोट भरलं म्हणून कातडीतून गळून तळाशी गेलाय, तिथे एकाचे शेकडो होतील आणि पोहत परत माशावर येतील. कातडीत असताना औषध त्याला गाठत नाही, पोहताना गाठतं. म्हणून मारायचा तो आत्ताच. कुणालाही ते पटलं नाही. बऱ्या झालेल्या जिवाला विख पाजणारी बाई त्यांनी आजवर पाहिली नव्हती. एकटी पडलेली पुष्पावती मान वर करून सगळ्यांकडे बघत राहिली. तिलाही आतून भीती वाटत होती, पण ती दाखवायची नाही एवढं तिने ठरवलं होतं.

आत्याने पेटीवर दोन्ही हात ठेवले. "एक तरी राहू दे. देवीचा म्हणून."

"घे. तुझा तुला."

मग दोन मासे मोरचुदाच्या टबात गेले आणि तिसरा, पेटीतल्याच पाण्यासकट, आत्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत. पेटीत हवा सोडणाऱ्या पंपाची एक नळी मात्र पुष्पावतीने बरणीतही सोडून दिली. काही दिवस घरात दोन चुली असल्यासारखं चाललं. ती टबाशी, आत्या बरणीशी.

मग बरणीतल्या माशावर ठिपके परत आले, आणि आले ते पहिल्याच्या दुप्पट. तो तळाशी कलंडून धापा टाकू लागला. आत्याने लिंब बदलला, हात जोडले, जेवण सोडलं. टबातले दोघे मात्र पिठाच्या गोळ्यांवर तुटून पडत होते. आत्या येता-जाता तिकडे बघायची आणि मान वळवायची.

शेवटी एका दुपारी ती बरणी कवटाळून पुष्पावतीपुढे उभी राहिली.

"सहादेवला हुतं का गं असं काई औषध?"

पुष्पावतीने बरणी तिच्या हातातून घेतली. "नव्हतं आत्या. देवी आल्यावर औषध नाही. आजही नाही."

आत्याने श्वास सोडला. पुष्पावतीला वाटलं, इथेच थांबावं. ते खरंही होतं आणि पुरेसंही होतं. पण आत्याच थांबली नाही.

"आल्यावर न्हाई. आन यायच्या आदी? त्यो टोचनारा आल्ता."

"आला होता."

"मी लपिवलं तुमाला."

"हो." हा आरोप आत्याच्या तोंडावर फेकायचा हे पुष्पावतीने किती वेळा मनात घोकलं होतं, आणि आता फेकायला काही उरलं नव्हतं. तरी तिने तो मागे घेतला नाही.

आत्या भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. पुष्पावतीच्या हातातल्या बरणीकडे तिने बोट केलं.

"ह्यो जगंल का?"

"सांगता येत नाही. उशीर झालाय."

"झाला तर झाला," आत्या म्हणाली. "तरी औषध टाक."