उकळलेलं विरजण

तिचं खरं नाव हजेरीपुरतंच; बाकी सगळ्यांसाठी ती भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ!

त्या दिवशी भिंगरी शाळेत गेली ती दप्तरात दह्याची छोटी बाटली घेऊन. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं होतं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला घरून काहीतरी आणा. कुणी डबक्यातलं पाणी आणलं, कुणी कांद्याची साल. भिंगरीच्या आईबाबांचं दह्याचं दुकान. ती दुसरं काय आणणार?

बाईंनी थेंबभर दही काचेवर पसरलं, त्यावर निळा रंग सोडला. भिंगरीनं भिंगाला डोळा लावला. निळ्या निळ्या बारीक काड्या! मण्यांच्या माळा! नुसती झुंबड!

"बाई, हे काय आहे?"

"जिवाणू. हे दह्यातच..."

तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली. बाई पुढे सांगतच होत्या, पण पुढचं ऐकायला भिंगरीला सवड कुठे? तिच्या डोक्यात एकच घुमत होतं: आपल्या दह्यात जंतू! आणि तेच दही बाबा खातात! बाटली टेबलावर टाकून ती घराकडे सुसाट सुटली.

बाबा म्हणजे दुधाचा भरलेला कॅन एका हातानं उचलणारा गडी. न्यूमोनियानं त्यांना पार चिपाड करून टाकलं होतं. औषधांनी छाती सुधारली, पण पोट रुसलं. काही खाल्लं की पळा मोरीकडे. डॉक्टर म्हणाले होते, हलकं खा, थोडं घरचं दही चालेल. आणि बाबांना फक्त तेवढंच गोड लागत होतं. दुकान कधीचं बंद. फ्रिजमध्ये विरजणापुरती एक वाटी उरली होती. बाबांचा नियमच होता, लावलेल्या दह्यातली पहिली वाटी विकायची नाही, ती पुढच्या दह्याचं विरजण. दुकान उघडल्यापासून ती साखळी तुटली नव्हती.

आई औषधं आणायला गेली होती. बाबा झोपले होते. भिंगरीनं वाटी पातेल्यात ओतली आणि चांगली खळखळून उकळली. जंतूंची आता खैर नाही! दही फाटलं, पाणी वेगळं, गोळे वेगळे. तरी तिला वाटलं, काय काम केलं आपण!

आई आली. तापवलेलं दूध कोमट झालंय का ते तिनं करंगळी बुडवून पाहिलं आणि फ्रिज उघडला. "विरजण कुठंय गं?"

"उकळलं. आता एकही जंतू नाही त्यात!"

आईनं पातेल्यात पाहिलं आणि तशीच स्टुलावर टेकली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अगं भवाने," ती हळूच म्हणाली, "ते जिवंत असतात म्हणून तर दही लागतं."

आतून बाबांचा आवाज आला, अगदी बारीक. "शेवटची वाटी होती ना ती?"

दुसऱ्याचं विरजण आणता आलं असतं, नाही असं नाही. पण बाबांचं ते संपलं. मग एकदम आठवलं. बाटली!

चपला कुठल्या, दप्तर कुठलं. भिंगरी धावत सुटली. बाई प्रयोगशाळेला कुलूप लावत होत्या.

"बाई, माझं दही? फेकलंत?"

"फेकते कशाला? फ्रिजमध्ये ठेवलंय. आणि तू अर्धवट ऐकून पळालीस कुठे? सगळे जिवाणू काही वाईट नसतात गं."

धापा टाकत भिंगरीनं सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा दिवा लावला, ती काच पुन्हा ठेवली. "आता नीट बघ. दुधातली साखर खाऊन हे आंबटपणा तयार करतात, म्हणून दूध घट्ट होतं. आपल्या आतड्यांतही अशी वस्ती असते, असंख्य जीवांची. अन्नातलं जे आपल्याला पचत नाही, त्यातलं बरंचसं ते पचवतात, वाईट जंतूंना पाय रोवू देत नाहीत. बाबांच्या औषधानं वाईट मारले, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. ती वस्ती पुन्हा बसायला वेळ लागतो. दही म्हणजे काही जादू नाही, पण मदतीला धावणारे पाहुणे समज."

भिंगरी बघतच राहिली. त्याच काड्या, त्याच माळा. मघाशी तिला त्यांची किळस आली होती. आता वाटलं, एका थेंबात एवढे, तर माझ्या पोटात किती? मी एकटी नाहीच की! मी चालतेबोलते तेव्हा एक अख्खं गाव माझ्याबरोबर फिरतं!

घरी आईनं दूध पुन्हा कोमट केलं. या वेळी करंगळी भिंगरीची. बाटलीतलं चमचाभर दही तिनं स्वतः ढवळलं, भांडं जुन्या शालीत गुंडाळलं.

"झाकण सारखं उघडू नकोस. घाबरतील ते," आई म्हणाली. चक्क हसली!

सकाळी भिंगरीनं श्वास रोखून भांडं तिरकं केलं. दही हललं नाही. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, सुरीनं कापावं असं! कुणी न बघता, काहीही आवाज न करता, त्यांनी रात्रभर काम केलं होतं.

ती चमचा घेऊन बाबांकडे निघाली, तर ते आधी म्हणाले, "पहिली वाटी?"

"फ्रिजमध्ये. विरजणाची."

मग त्यांनी दही खाल्लं. चाखतमाखत, डोळे मिटून. पोट लगेच काही बरं झालं नाही, होणारही नव्हतं. पण भिंगरीनं त्यांच्या पोटाला कान लावला. आत गुडगुड गुडगुड चालली होती.

"काय ऐकतेस एवढं?"

"शूऽऽ! बाबा, तुम्ही गप्प बसा जरा," ती कुजबुजली. "पाहुणे आलेत."