परत न मागितलेला नारळ

पूर्वी पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमध्ये लग्न निघालं की भांडी भाड्याने आणावी लागत नसत. सावित्री नदीच्या पालखीडोहावर जायचं, काठावर नारळ ठेवायचा, घरात काय कार्य आहे ते सांगायचं आणि मागे वळून न बघता निघून यायचं. दुसऱ्या दिवशी काठावर घासूनपुसून मांडलेली भांडी मिळत. प्रत्येकाच्या बुडाला दोन शेपट्यांचा मासा कोरलेला. कार्य उरकलं की सगळी परत न्यायची. मग कुणीतरी एक चांदीचा तांब्या ठेवून घेतला आणि डोहाने देणं बंद केलं. कुणी ठेवला, ते तेव्हा कळलं नाही. आता मंडपवाला सगळं टेम्पोतून आणून देतो. डोहाची आठवण काढणाऱ्या बायाही एकेक करून गेल्या.

तेजश्रीला मात्र ते सगळं ठाऊक होतं, कारण डोहाचा धनी तिच्या ओळखीचा होता.

कॉलेज संपवून ती वाडीवर आली त्या वर्षी बापाच्या शेळ्या घेऊन डोहावर जायची. तिथे तो तिला दिसला. शेवाळी शेला, पांढरा फेटा, पाण्यातून वर येऊनही कोरडा, फक्त पाऊल पडेल तिथे ओल. तो तिला बाईसाहेब म्हणे आणि तिला हसू येई. काठापासून तिसऱ्या दगडाच्या अलीकडे तो कधी आला नाही. दगडावर कधी भर थंडीत पिकलेली करवंदं ठेवलेली असत, कधी मासा कोरलेल्या वाटीत गार पाणी. एका दुपारी त्याने मागणी घालायची परवानगी मागितली. तेजश्री म्हणाली, माझं दासगावच्या ओंकारशी ठरतंय, आणि माझंही मन आहे. त्याने मान लववली आणि पाण्यात उतरला.

ओंकारचं घर जमीनजुमल्याचं. घरात हुकूम चाले तो त्याच्या आईचा, रखमाबाईचा. साखरपुडा त्यांच्याच ओसरीवर झाला. रखमाबाईने तेजश्रीची ओटी भरली, आणि नवी सून म्हणून मानाने चांदीच्या तांब्यातून पाणी दिलं. तेजश्री पाणी प्यायली, तिने सहज तांब्या उलटा करून बघितला आणि ती भाबडेपणाने बोलून गेली, "अगो बाय, हा तर आमच्या पालखीडोहातला."

रखमाबाई तांब्या उचलून आत गेली.

त्यानंतर लवकरच निरोप आला की लग्न होणार नाही. कारण निरोपाच्या आधी पोचलं होतं. पोरीला पाण्याची बाधा आहे, डोहावर एकटी बोलत बसते, हिला घरात घेतली तर वंश बुडेल. दासगावपासून आंबेनळी घाटाच्या पायथ्यापर्यंत ते पसरलं. पोलादपूरच्या बाजारात बाया तिला बघून पोरांना जवळ ओढू लागल्या. तिचा बाप सोनबा भजनात टाळ धरायचा, तो देवळाची पायरी चढेनासा झाला. तेजश्रीने ओंकारला फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला की आई खोटं कशाला बोलेल. मग त्यांचा माणूस आला आणि अंगठी, गळ्यातलं, साखरपुड्यात नेसलेली साडीसुद्धा घेऊन गेला. ओटीतला नारळ तेवढा देवघरात राहिला. नारळ कोण परत मागतो?

वर्षाने ओंकारचं महाडच्या श्रुतिकाशी जमलं. पत्रिका मोबाईलवर फिरत फिरत तेजश्रीपर्यंत आली. ती चप्पल न घालता डोहावर गेली.

धनी तिसऱ्या दगडावर उभा होता.

"मला त्या घराचा सूड हवा," ती म्हणाली. "माझं नाव त्यांनी चिखलात घातलं."

"आमचाही त्या घराशी हिशेब आहे," तो म्हणाला. "महापुरात सावित्री सगळ्यांच्या घरात शिरली. नदीला आमंत्रण लागत नाही, आम्हाला लागतं. पाण्याबरोबर आम्ही त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो. फळीवर तांब्या दिसत होता. तसेच परत फिरलो. घरच्या माणसाने अक्षत दिल्याशिवाय आम्ही कुणाचा उंबरा ओलांडत नाही."

कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तेजश्रीला हसू आलं.

"त्यांनी सगळं नेलं," ती म्हणाली, "पण ओटीतला नारळ नाय मागितला."

धन्याने तिच्याकडे बघितलं. "मग आमच्या दरबारी आपण अजून त्या घरच्या सूनबाई आहात. आमची मागणी त्या नारळापाशीच अडली होती."

त्याने करार नीट समजावून सांगितला. तिने त्या घरची सून म्हणून अक्षत द्यायची आणि नारळ इथे फोडायचा. नारळ फुटला की ती त्या घरातून मोकळी. तो लग्नाला जाईल आणि आपला तांब्या मागेल. मानाने दिला तर ठीक, नाही म्हटलं तर त्या घरात पाणी टिकणार नाही. टिकेल ते फक्त तेजश्रीने स्वतःच्या हाताने भरून दिलेलं. हे थांबवायचा अधिकार तिचा एकटीचा, मनापासून माफ केलं तरच.

"आणि एक," तो म्हणाला, "एका हातात सूड धरलेल्या बाईला आमच्यात मागणी घालत नाहीत. आपण तो सोडाल त्या दिवशी आम्ही हा दगड ओलांडू. तोवर थांबू."

तिने घरून नारळ आणला, अक्षत ठेवली आणि नारळ दगडावर आपटला.

लग्न दासगावला दारातल्या मंडपातच होतं. भर दुपारी पांढऱ्या फेट्याचा पाहुणा आला, मागे शेवाळी शेल्यांची मंडळी. कुणी म्हणालं नवरीकडचे, कुणी म्हणालं मुंबईहून आलेत. त्याने वाकून रखमाबाईला नमस्कार केला आणि पाणी मागितलं, घरातल्या चांदीच्या तांब्यातून. ती त्याच्या ओल्या पावलांकडे बघत राहिली. मग चारचौघांत स्पष्ट म्हणाली, "असला तांब्या आमच्या घरात नाय."

"नसेल," तो म्हणाला आणि निघून गेला.

मुहूर्ताआधीची पंगत बसली होती. वाढपी पाण्याचे जग उचलायला गेले तर जग रिकामे. पिंप रिकामं, टाकी रिकामी. आमटीच्या टोपात तळाला नुसती डाळ. मुलीकडच्यांनी बराच वेळ वाट बघितली. श्रुतिकाच्या मामाने विचारलं, कसल्या घरात पोर देतोय आपण? अंतरपाट धरायच्या आधीच गाड्या महाडकडे वळल्या.

त्या दिवसापासून रखमाबाईच्या घरात पाणी ठरेना. टँकर आणला, बोअर मारली, पूजा घातली. हंडा उंबऱ्याच्या आत येईस्तोवर हलका व्हायचा. मायलेक शेजारच्या नळावर ओंजळीने पाणी प्यायचे आणि शेजारी आपापल्या पोरांना जवळ ओढायचे.

शेवटी रखमाबाई वाडीवर आली. पदराखाली तांब्या, मागे ओंकार रिकामी कळशी घेऊन. रखमाबाईने तांब्या ओट्यावर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली की माझं चुकलं, पोरी.

"माझ्यावर आळ घेतलास तेव्हा आवाज एवढा बारीक नव्हता," तेजश्री म्हणाली. "देवळात माईक हाय. तिथे सांग."

रखमाबाईने देवळात सांगितलं. तांब्या आपल्या सासऱ्याने ठेवून घेतला होता, चोरी उघडी पडू नये म्हणून आपण पोरीवर आळ घेतला. आवाज वाडीभर गेला, पार खालच्या रस्त्यापर्यंत. सोनबा ऐकून उठला आणि खुंटीवरचे टाळ काढले.

तेजश्रीने कळशी भरून दिली. पाणी राहिलं. ओंकार खाली बघत म्हणाला की आता तरी माफ कर.

तिने मनात चाचपून बघितलं. बाजारात पोरांना ओढून घेणारे हात आठवले, फोनवरचा त्याचा आवाज आठवला.

"उद्या या," ती म्हणाली. "आणि कळशी घासून आणा."

ते खाली उतरले तशी ती तांब्या घेऊन डोहावर गेली. धन्याने तो दोन्ही हातांनी घेतला, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पाऊल न उचलता तिथेच बसला.

"अजून नाही, बाईसाहेब?"

"अजून नाय."

"आम्ही थांबू."

"थांबा," ती म्हणाली. त्याने करवंदं पुढे सरकवली. ती अलीकडच्या दगडावर पाण्यात पाय सोडून बसली आणि चवीने खाऊ लागली.