चाळणीतलं निळं कवच

मॅडमच्या मते यंदाची बॅच म्हणजे ठार दगड होती. "दगडाला निदान थर असतात, यांना तेही नाहीत," असं त्या स्टाफरूममध्ये उघड म्हणायच्या.

समुद्रतळाचा गाळ चाळणीवर धुवायचा, उरलेल्या वाळूतून इवल्या जीवांची कवचं ओल्या ब्रशनं उचलायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायची, एवढंच काम. पण कोणी हवेच्या बुडबुड्याला जीवाश्म म्हणे, तर कोणी स्वतःच्या पापणीचं चित्र काढून आणे. "डोळे हॉस्टेलवर विसरलात का?" हे मॅडमचं ठरलेलं वाक्य.

एक नियम मात्र त्या रोज घोकून घ्यायच्या. नवा गाळ घेण्याआधी चाळणी निळ्या रंगात बुडवायची. आधीच्या गाळातलं एखादं कवच जाळीत अडकलेलं असेल, तर ते निळं होतं. निळं दिसलं की टाकून द्यायचं, ते या गाळातलं नव्हेच.

त्या दिवशी विभागप्रमुख सहज प्रयोगशाळेत डोकावले आणि एका मुलीच्या सूक्ष्मदर्शकावर वाकले ते वाकलेच. ही मुलगी पहिल्या बाकावर बसून जांभया द्यायची, म्हणून तिचं नावच जांभई पडलं होतं.

"अहो मॅडम! हिमयुगातल्या गाळात उबदार समुद्राचा जीव! आपल्या दोघांच्या नावावर पेपर होणार हा!"

पेपर कोणाचाही असो, प्रमुखांचं नाव त्यावर न चुकता चढायचं. मॅडमना या माणसाची मनापासून किळस यायची. पण सोमवारी त्यांना नोकरीत कायम करण्यासाठी मुलाखत होती, आणि घेणारे हेच होते.

मॅडमनी डोळा लावला. कवच बाहेरून पांढरं होतं, पण तोंडाशी, आतल्या बाजूला, निळा रंग स्वच्छ दिसत होता.

"घाण लागली होती, मॅडम," जांभई म्हणाली. "मी ब्रशनं घासून काढली." नियम घोकताना ही बहुधा जांभई देत होती.

"कसली घाण?" प्रमुखांनी विचारलं.

"निळी होती, सर. आत अजून आहे थोडी."

प्रमुखांचा चेहरा उतरला. मग ते मॅडमकडे बघून गोड हसले. "यातल्या जाणकार तुम्ही. तुम्हाला काय दिसतं?"

मॅडमच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"पांढरं," त्या म्हणाल्या, आणि गरकन जांभईकडे वळल्या. "निळं कुठं दिसलं गं तुला? डोळे हॉस्टेलवर विसरलीस का?"

जांभईनं पुन्हा डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग मान वर करून मॅडमकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.

"हो मॅडम. पांढरंच आहे."

वर्षभर घसा कोरडा करून मॅडमनी जे जे शिकवलं, त्यातलं हेच तेवढं तिला एका फटक्यात समजलं.