दिवा बंद, कान चालू

मित्रांनो, जवळ या, पण तोंड अगदी माझ्या जाळीला लावू नका. ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना माणूस नकळत फुंकर मारतो आणि मला ती थपडेसारखी लागते. मी एक जुना माइक आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे, दांडीचा रंग उडाला आहे, आणि बटण सैल आहे. त्या सैल बटणापायीच मला तुमच्याशी बोलावेसे वाटले.

माझ्या पोटात एक पडदा आहे, कांद्याच्या सालीहून पातळ. कारखान्यात एका बाईने श्वास रोखून तो ताणून बसवला. पुढे मला एका मोठ्या दुकानात नोकरी लागली. तिथला व्यवस्थापक रोज सकाळी मला हातात घेऊन सांगायचा, "ग्राहकहो, सवलतीचा आज शेवटचा दिवस." दुसऱ्या दिवशीही शेवटचाच दिवस उगवायचा. बोलण्याआधी तो हळूच आवंढा गिळायचा. गर्दीला तो ऐकू जात नसे, मला जाई. तेव्हापासून माझा स्वभाव संशयी झाला. माणसाचे शब्द धुतल्या तांदळासारखे असोत, मी आधी त्याचा आवंढा ऐकतो.

दुकानाचा खरा शेवटचा दिवस आला तेव्हा मात्र कोणीच काही जाहीर केले नाही. मी जुन्या सामानाच्या टोपलीत जाऊन पडलो. तिथून मला एका बाईने उचलले. सोबत तिचा दीर होता. तो तिला वहिनी म्हणे, म्हणून माझ्याही तोंडी तेच बसले.

"वहिनी, याचं डोकं चेपलंय."

"चेपू दे, भावजी. कान शाबूत पाहिजे."

"दादाच्या स्थळाला होकार देताना पण असंच म्हणाला होतात काय?"

वहिनी हसली. त्या हसण्यात काही लपवलेले नव्हते. मी निर्धास्त झालो, थोडे दिवस.

वहिनी लग्नानंतर या परक्या देशात आली होती. शिक्षण संगणकाचे. एकदा नळाला पाणी नव्हते म्हणून तिने पाणी खात्याला फोन केला, तर पलीकडे यंत्र. ते म्हणाले, "समजले नाही. पुन्हा बोला." तिने पुन्हा पत्ता सांगितला, सावकाश सांगितला, ओरडून सांगितला. शेवटी तिने नाक दाबून शेजारणीची नक्कल केली, तेव्हा कुठे यंत्राला पत्ता कळला. पाणी आले, पण वहिनीच्या घशाखाली ते उतरेना. जिला स्वतःच्या घराचा पत्ता सांगायला दुसरीचा आवाज काढावा लागतो, तिचे ते घर कसले? त्याच दिवशी तिने ठरवले की कोणत्याही मातीतून आलेल्या माणसाचे बोलणे समजेल असे यंत्र करायचे.

कचेरी म्हणजे कपडे धुण्याच्या दुकानावरची एक खोली. खाली यंत्रे कपडे पिळू लागली की वर जमीन थरथरायची आणि काम थांबवावे लागायचे. भावजींनी मोबाइलच्या दुकानातली नोकरी सोडली आणि ते वहिनीबरोबर उभे राहिले. भावजी म्हणजे बोलघेवडा माणूस. दगडालाही दोन वाक्ये बोलायला लावतील. त्यांनी टॅक्सीवाले आणले, परिचारिका आणल्या, एक शिंपी आणला, इमारतीचा राखणदार आणला. कोण कुठल्या देशाचा, कोण कुठल्या. सगळे माझ्यासमोर बसून एकच वाक्य म्हणत, "मला डॉक्टरांची वेळ हवी आहे." वाक्य एक, पण कोणाच्या तोंडी ते डोंगर चढे, कोणाच्या तोंडी ओढ्यासारखे वाहे. फुंकर लागू नये म्हणून वहिनीने भावजींचा जुना मोजा धुऊन माझ्या तोंडावर चढवला होता. धुतला होता असे ती म्हणाली. मला अजून संशय आहे.

पैसे लावणारे लोक येत, यंत्र पाहत, मान डोलवत. जाताना एकजण म्हणाला, "यंत्र छान आहे. फक्त त्याच्याविषयी बोलायला इथलाच कोणी माणूस ठेवा. तुमचं बोलणं जरा कळत नाही." दार लागल्यावर वहिनी म्हणाली, "यंत्राला कळतं, याला कळत नाही. मग सुधारायचं कोणाला, भावजी?"

अखेर एका मोठ्या रुग्णालयाने चाचणी घ्यायचे कबूल केले. ती जमली तर धंदा उभा राहणार, नाही तर खोलीला कुलूप. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक बडी कंपनी असलेच यंत्र करत होती. आमच्या यंत्राचे सगळे बारकावे दोघांनाच ठाऊक होते, वहिनीला आणि भावजींना.

आता बटणाचे सांगतो. ते बंद केले की माझा लाल दिवा विझे, पण कान चालूच राही. मला ते माहीत होते; पण मला विचारतो कोण?

एका दुपारी भावजी एकटेच होते. वहिनी यंत्राला हल्ली आपली भाषाही शिकवत होती. ते आपले बोलणे ऐके आणि त्या देशाच्या भाषेत लिहून काढी. आवाज साठवत नसे, फक्त अक्षरे ठेवी. माझा दिवा विझलेला होता. भावजींचा फोन वाजला. फोनवरचा माणूस आपल्याच भाषेतला, पण त्या बड्या कंपनीतला. भावजींनी आवाज खाली आणला. एरवी जिन्यातून ऐकू येणारा हा माणूस कुजबुजतो कशाला? माझी जाळी ताठ झाली; मी शब्द सोडून त्यांचा आवंढाच शोधत राहिलो.

सकाळी वहिनीने पडद्यावरची ओळ वाचली. आपल्या भाषेत सांगायचे तर तिथे असे होते: ‘विचार करत आहे. वहिनीला सांगू नका. डोक्याला ज्वर आला आहे. ठीक, मी तुमच्याकडे येत आहे.’

तिने ती ओळ पुसली नाही. बटणाकडे पाहिले, दाबून पाहिले, पुन्हा दाबले. तिला सारे उमगले. पण तिने बटण दुरुस्त केले नाही. त्या दिवसापासून ती भावजींच्या देखत मला बंद करायची आणि बाहेर जायची. दिवा बंद, कान चालू.

मग काय, साध्या बोलण्यालाही शेपटे फुटली. भावजी शिंप्याला म्हणाले, "माप तेच, कापड बदला." कसले माप? कसले कापड? भावजी शीळ घालत, तर ही खुशी कशाची? वहिनी काम करताना नेहमी ओव्या गुणगुणायची, ती गप्प झाली. तेव्हा मीच मनाशी एक जुळवली:

संशयाचं बी बाई, त्याला लागेना ग पाणी
डोळा मिटून उघडेतो झाड उभं ग अंगणी.

एके दिवशी भावजी संगणकापाशी अडले. "वहिनी, कुलूप बदललंत का? माझी किल्ली लागेना."

"सुरक्षेसाठी बदललं."

"कोणापासून?"

"काही नाही, असंच," वहिनी म्हणाली, आणि मी तिचा आवंढा ऐकला. मित्रांनो, तो दुकानातल्या माणसाच्या आवंढ्यासारखाच होता.

तिचे यजमान दुपारी डबा घेऊन आले. बटणाची गोष्ट तिने त्यांना सांगितली होती.

"अहो, तुमच्या भावाचं काय चाललंय?"

"त्याला विचार."

"विचारलं आणि खोटं बोलले तर?"

"समोर तरी बोलेल. हे बरं नव्हे. मला तर इथे शिंकायची भीती वाटते."

चाचणी दुसऱ्या दिवसावर आली. वहिनीने ठरवले होते. ती म्हणाली, "भावजी, उद्या तुम्ही येऊ नका. उद्याच नाही, यापुढेच नको." आणि तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

भावजींनी वाचले. आधी त्यांना हसू आले. "ज्वर? मी म्हणालो, वहिनीला उगाच डोक्याला ताप नको." मग हसू मावळले. "आणि हे शेवटचं तर मी बोललोच नाही."

"यंत्र ऐकतं तेच लिहितं."

"मी म्हणालो, ‘बरं, येतो.’ फोन ठेवताना माणूस काय म्हणतो, वहिनी? ‘जातो’ म्हटलं असतं तर आईने मुस्काटात दिली असती."

वहिनीने ती ओळ पुन्हा वाचली. निरोप घेणारा ‘येतो’ म्हणतो, हे यंत्राला तिने शिकवलेच नव्हते. कोण येतो, कुणाकडे येतो, ती रिकामी जागा यंत्राने आपल्या मनाने भरली होती. तो वेडावाकडा ज्वर डोळ्यांसमोर असूनही तिला यंत्राची शंका आली नाही, माणसाची आली.

भावजी आता माझ्याकडे पाहत होते. "पण हे लिहून कसं काय निघालं? दिवा तर बंद होता." त्यांनी बटण दाबले. दिवा विझला. "हॅलो," ते हळूच म्हणाले. पडद्यावर ‘हॅलो’ उमटले. त्यांनी पुढे होऊन माझी वायर उपटली.

"मला विचारलं असतंत, वहिनी."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं?"

भावजी उपटलेली वायर हाताभोवती गुंडाळू लागले. खाली यंत्रे कपडे पिळत होती.

‘येऊ नका’ हे वहिनीने पुन्हा म्हटले नाही, आणि चाचणीला दोघे गेले. एका म्हाताऱ्या रुग्णाचे बोलणे, जे त्याच्या डॉक्टरालाही कळत नव्हते, ते यंत्राला कळले. रुग्णालयाने यंत्र घेतले, मग दुसऱ्याने, मग पाणी खात्यानेसुद्धा. वहिनीचे नाव झाले. ती व्यासपीठावरून स्वतःच्याच आवाजात बोलू लागली आणि लोक कान देऊन ऐकू लागले. वर्तमानपत्रांनी लिहिले की हिने यंत्राला माणसांचे कान दिले. सैल बटणाविषयी कोणी लिहिले नाही. मला एका उघड्या खोक्यात घालून कपाटावर ठेवले. तिथून मला एवढे दिसे, की फोन आला की भावजी जिन्यात जातात, आणि ते जिन्यात गेले की वहिनीची बोटे थांबतात. एका टेबलावर जेवणारी दोन माणसे वर्षानुवर्षे मोजूनमापून बोलत राहिली.

मग कचेरी नव्या इमारतीत न्यायचे ठरले. सामान बांधताना वहिनीच्या हाती मी लागलो. दोघांचेही केस पिकले होते. वायर नसली तरी माझा पडदा हलतो. पुढे काही जात नाही, एवढेच.

वहिनी माझ्यावरची धूळ पुसत म्हणाली, "भावजी, आज विचारते. तेव्हा तुम्ही खरंच जायचा विचार केला होता का?"

"केला होता. चांगला केला होता. तुम्हाला सांगणारही होतो."

"मग गेला का नाहीत?"

"तुम्ही ती ओळ दाखवलीत ना. त्यानंतर गेलो असतो तर तुमचा संशय खरा ठरला असता. तेवढ्या रागाने राहिलो. पुढे राग गेला, मी राहिलो."

वहिनीने माझ्या चेपलेल्या जाळीवरून फडके फिरवले. "आणि मी तुम्हाला आधी केवळ लाजेने ठेवून घेतलं," ती म्हणाली. "बरं झालं, दोघांनाही दुसरं काही सुचलं नाही."

मित्रांनो, म्हणून संशयाने भले होते असे समजू नका. एवढे साधे बोलणे व्हायला त्यांचे केस पिकावे लागले. माझी कितीतरी धाकटी भावंडे आज तुमच्या घरात आणि खिशात आहेत. त्यांना धुळीपासून जपा, पाण्यापासून जपा, आणि आपल्या माणसांना त्यांच्यापासून जपा. कोणाविषयी मनात काही आलेच, तर त्याच्यासमोर बसा आणि विचारा. उत्तर कदाचित आवडणार नाही; पण ते त्याच्या तोंडचे असेल.