फोटोत नसलेली मुलगी

मिस्त्रींची वेबसाइट उघडायला इतका वेळ लागायचा, की तोवर गिऱ्हाईक दुसरीकडून कपाट घेऊन मोकळं व्हायचं. जुनं लाकडी सामान दुरुस्त करून विकायचा त्यांचा धंदा होता. खाली कारखाना, वर राहतं घर. फोटो काढायचे, ते साइटवर चढवायचे, हे सगळं त्यांची बायको बघायची. ती जाऊन आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून साइटला कुणी हात लावला नव्हता. शेवटी भाचीने कुणाचा तरी नंबर दिला आणि फोटोंचं ते रान साफ करायला एक बाई येऊ लागली. मिस्त्रींनी तिचं नाव एकदा विचारलं आणि विसरले. ते तिला ‘साइटवाली’ म्हणायचे, ती त्यांना काका म्हणायची.

अकराशे फोटो होते, कॅमेऱ्यातून निघाले तसेच अवाढव्य चढवलेले. ते हलके करायचे, एकच फोटो तीन-तीनदा असेल तर दोन काढून टाकायचे, फाइलींना धड नावं द्यायची. मूळ फाइली काकूंच्या कॉम्प्युटरवर होत्या, म्हणून साइटवालीला वरच्या खोलीत काकूंच्याच टेबलाशी बसावं लागे. पहिल्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला तर अक्षरं एवढाली, की पडद्यावर चार ओळीसुद्धा मावेनात. तिने ती लहान करून घेतली आणि कामाला लागली.

काकूंची एक गोष्ट तिला फार आवडली. प्रत्येक फोटोमागे वर्णनाचा एक रकाना असतो. तो साइटवर दिसत नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना कॉम्प्युटर तो वाचून दाखवतो. बहुतेक लोक तो रिकामा सोडतात, नाहीतर ‘कपाट एक, कपाट दोन’ असं काहीतरी ढकलून देतात. काकूंनी एकही रकाना रिकामा ठेवला नव्हता. ‘दोन दारांचं कपाट. डाव्या दारावर खाली ओरखडे, मांजराचे असावेत.’ ‘गोल टेबल. एक पाय नवा आहे, रंगावरून कळतं, लपवत नाही.’ कधी न पाहिलेल्या त्या बाईशी तिचं हळूहळू सूत जमत गेलं.

चौथ्या दिवशी तिने वाचलं, ‘हातांची खुर्ची, बैठक नव्याने विणलेली. खुर्चीत एक मुलगी बसली आहे.’

फोटोत खुर्ची होती. बैठक नव्याने विणलेली होती. मुलगी नव्हती.

वर्णन भलत्याच फोटोला चिकटलं असेल, असं धरून ती त्या मुलीचा फोटो शोधायला लागली. फोटो मिळाला नाही; वर्णनं मात्र मिळत गेली. ‘लिहायचं टेबल, तीन खण. मुलगी टेबलाखाली आहे.’ ‘मोठी पेटी, झाकण उघडं. मुलगी पेटीच्या पलीकडे उभी. दोन वेण्या, पाय अनवाणी.’ बाहेर टळटळीत ऊन होतं, खाली काकांचा रंधा चालू होता, आणि तरी तिने उठून खोलीतला दिवा लावला. तिने मोजली तर अशी एकेचाळीस वर्णनं भरली. सगळी शेवटच्या दोन वर्षांतली.

दुपारी डबा खाताना तिने सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की कुणी लहान मुलगी इथे यायची का. काका म्हणाले, नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि खाली करवत चालते म्हणून शेजारच्या पोरांनाही ते आत येऊ देत नसत. मग ते घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले आणि हे का विचारलं म्हणाले. फाइलींचा जरा घोळ झालाय, एवढंच तिने सांगितलं.

त्या दिवसापासून खोलीकडे पाठ करून बसणं तिला जमेना. टेबल भिंतीला लावलेलं होतं, ते ओढून तिने उलटं फिरवलं. प्रत्येक फोटो ती मोठा करून बघू लागली. खुर्च्यांच्या पायांमागे, पलंगाखाली, आरशांच्या कडेला. एकदा कपाटाआड काहीतरी करडं दिसलं तेव्हा ती खुर्ची मागे सरकवून उठलीच. धूळ बसू नये म्हणून टाकलेली चादर होती ती. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, काम सोडून दे. पण सोडवत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात तिने साइटवर आलेली पत्रं उघडली. आठ महिन्यांचा ढीग, बराचसा कचरा. त्यात एक पत्र वेगळं होतं. लिहिणाऱ्याने म्हटलं होतं, की मी काही तुमचं गिऱ्हाईक नाही, पण मला दिसत नाही आणि तुमची साइट मी आवडीने ऐकतो. नवीन काही येत नाही बरेच दिवस. ती मुलगीही कुठे आली नाही. तिचं बरं आहे ना? खाली फोन नंबर होता.

तिने गॅलरीत जाऊन फोन लावला. पलीकडचे गृहस्थ गणिताचे निवृत्त मास्तर निघाले. लिहिणाऱ्या बाई गेल्याचं ऐकून त्यांनी कधी गेल्या ते विचारलं. मग तिने मन घट्ट करून सांगितलं, की फोटोंमध्ये मुलगी नाही. एकाही फोटोत नाही.

मास्तर दचकले नाहीत. शांतपणे म्हणाले, “बाईंची नजर जात होती का?”

“तसं कुणी बोललं नाही.”

“सगळेच कुठे बोलतात. माझी गेली तेव्हा माझ्याकडे घोडे यायचे. बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या शेजारी उभे. खरे नाहीत हे ठाऊक असायचं मला, पण दिसायचे मात्र स्पष्ट, शेपटीच्या केसांसकट. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू आपल्या पदरचं घालतो, असं डॉक्टर म्हणाले. वेड लागलं म्हणतील या भीतीने मी वर्षभर बायकोला सांगितलं नाही.”

फोन ठेवल्यावर ती गॅलरीतच उभी राहिली. ती एवढाली अक्षरं. आणि शेवटच्या दोन वर्षांचे फोटो, ज्यांत वस्तू नेहमी एका कडेला सरकलेली असायची. तिला तो निष्काळजीपणा वाटला होता. जिला नजरेच्या मधोमध असलेलं दिसेनासं झालंय, ती बाई मान तिरकी करून कडेच्या नजरेने बघत असणार.

आता हे काकांना सांगायचं होतं. काकू कशा गेल्या ते भाचीने तिला आधीच सांगून ठेवलं होतं, चुकून विषय निघू नये म्हणून. जिन्यावरून पडल्या होत्या. वरून तिसरी पायरी हलत होती; काका उद्या करतो, उद्या करतो म्हणत राहिले होते. सुताराच्या घरातली पायरी. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण काकांना ते न बोललेलंही ऐकू येत होतं.

तिने सांगितलं तेव्हा काका पॉलिशचा बोळा हातात घेऊन बसले होते. पडण्यामागे नुसती पायरी नव्हती, नजरही होती, हे कळून त्यांच्या मनावरचं ओझं थोडं उतरेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

“जिना उतरताना माझा दंड धरायची,” ते म्हणाले. “दोन वर्षं. मला वाटायचं, म्हातारपणी प्रेम वाढलंय.”

तिने पॉलिशचा डबा त्यांच्या जवळ सरकवला.

“मी खुशीत असायचो,” ते म्हणाले आणि बोळा पुन्हा पॉलिशमध्ये बुडवून तसाच धरून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते वर आले, दाराशीच थांबले आणि एवढंच विचारलं, “घाबरायची का गं ती त्या पोरीला?”

तिला माहीत नव्हतं. मग तिने एकेचाळीस वर्णनं तारखांप्रमाणे लावली आणि त्यांना वाचून दाखवली. काका समोरच्या स्टुलावर बसून ऐकत होते. सुरुवातीची घाबरलेल्या माणसाची होती, यात शंका नव्हती. ‘खुर्चीत मुलगी. कोण आहे माहीत नाही.’ ‘मुलगी आजही. माझ्याकडे बघत नाही.’ पण पुढेपुढे सूर बदलत गेला. ‘पलंग, उशाशी कोरीवकाम. मुलगी झोपली आहे, फोटो लवकर आटपला.’ ‘छोटं स्टूल. मुलगी हल्ली खिडकीशी असते, तिला थंडी वाजत असावी, खिडकी लावून घेतली.’ एकात तर फक्त, ‘पाळणा. मुलगी आली नाही,’ एवढंच होतं.

ते ऐकल्यावर काका उठून खाली गेले. त्या दिवशी रंधा चालला नाही.

वर्णनं बदलायला त्यांनीच सांगितलं. ज्याला दिसत नाही त्याने शब्दावर विश्वास ठेवायचा, त्याला चुकीचं सांगणं काकूंनाच पटलं नसतं, असं ते म्हणाले. साइटवालीने जुनी एकेचाळीस छापून त्यांच्या हाती दिली आणि मग एकेका फोटोमधून त्या मुलीला पुसलं. खुर्चीतून, टेबलाखालून, पेटीआडून. काम दोन मिनिटांचं, पण प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी ती फोटो पुन्हा एकदा नीट बघून घ्यायची. कुणाला तरी घराबाहेर काढल्यासारखं वाटत होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नाही.

काम संपलं. साइट आता चुटकीसरशी उघडत होती. तिने दुसरी कामं घेतली. कोणत्याही फोटोचं वर्णन लिहिलं की ती शेजारच्या माणसाला दाखवून घ्यायची, यात हे सगळं आहे ना, जास्तीचं काही नाही ना. लोकांना वाटे, बाई फार काटेकोर आहे.

दोनेक महिन्यांनी काकांचा फोन आला. एका मोठ्या आरशाच्या कपाटाचा फोटो त्यांना सापडला होता. त्याच्या आरशात काकू आल्या होत्या, फोटो काढताना. तो फोटो साइटवर कायम राहू दे, आणि त्याच्यामागचं वर्णन मी सांगतो तसं घाल, म्हणाले. तिने कागद ओढला. काका थांबत थांबत सांगत गेले.

“लिही. माझी बायको. कपाटाचा फोटो काढते आहे. कॅमेरा तोंडापुढे धरलाय, त्यामुळे डोळे दिसत नाहीत.” तिने तेवढं लिहून परत वाचून दाखवलं. “खोलीत आणखी कुणी आहे का, ते मला सांगता येत नाही.”

तिने विचारलं, हे शेवटचंही घालायचं का.

“घाल,” काका म्हणाले. “आणि कपाट विकलं गेलंय, तेही लिही. नाहीतर लोक उगाच फोन करतील.”